'प्रेरणा' या रकान्यात काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चार महिन्यांपूर्वी बचत गटांच्या कर्जप्रकरणांच्या कामावर रुजू झालात. अर्जात एक रकाना आहे, 'व्यवसाय सुरू करण्यामागील प्रेरणा'. साठेक अर्ज भरून घेतलेत आणि जवळजवळ सगळ्यांत एकच वाक्य आलंय, 'स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी'. शेवयांचं मशीन मागणाऱ्या एकीचा अर्ज तर 'उद्देश स्पष्ट नाही' म्हणून परत आलाय. मग बायकांना धंद्यात खरोखर काय उतरवतं, आणि कुणाचा धंदा टिकेल हे त्यावरून ओळखता येतं का, असं तुम्ही विचारताय.

ते वाक्य त्या बायकांचं नाहीच, आपलं आहे. प्रशिक्षणात आपण ते फळ्यावर लिहितो, महिला दिनाच्या भाषणात ऐकवतो, आणि शेजारणीची वाटी परत करताना जशी रिकामी द्यायची नसते तसं त्या ते आपल्याला परत देतात. त्यात खोटेपणा नाही, रीत आहे. समोर कागद-पेन घेऊन बसलेल्या बाईला बरं वाटेल ते सांगायचं.

मी सोलापुरात हे काम एकोणीस वर्षं करतेय. त्याआधी नऊ वर्षं काळं तिखट आणि शेंगा चटणीचा स्वतःचा धंदा केला, आणि तो बंदही केला. त्यामुळे खाली जे लिहितेय ते अर्ज भरून घेणाऱ्या आणि अर्ज भरणाऱ्या, दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे.

एका मावशींपासून सुरुवात करते. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत तुम्ही पाहिली असेल. विडी कामगारांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरं, २००६ साली ताब्यात मिळाली. त्यातल्या एका घरात या मावशी कडक भाकरी करतात. त्याआधी बावीस वर्षं विड्या वळल्या. मी अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं, पायावर उभं राहायचंय. मी कागद पिशवीत घातला आणि चुलीपाशी बसले. भाकरी थापणाऱ्या बाईशी बोलायचं तर तिच्या हाताच्या गतीनं बोलावं लागतं. कडक भाकरीचं पीठ नेहमीपेक्षा जास्त मळायचं, भाकरी इतकी पातळ थापायची की परातीचा तळ कळावा, तव्यावर पाणी फिरवून उलटली की मंद आचेवर फडक्यानं दाबत राहायचं, आणि मग चुलीच्या अंगाला टेकून उभी करायची. तिच्यातलं पाणी पुरतं गेलं नाही तर चौथ्या दिवशी बुरशी. एकेका भाकरीला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणूस बोलतं.

अर्ध्या तासानं मावशी आपणहून म्हणाल्या, "विडीत काय व्हायचं, हजार वळून न्यायच्या आन् त्यातल्या खराब किती ते तिथला माणूस ठरवणार. छाटून बाजूला टाकणार. त्याचं पान गेलं, माझा दिवस गेला. भाकरी मोडली तर मोडली का न्हाई ते मी ठरवते. मोडली तर आम्ही खातो."

प्रेरणा हवी असेल तर ही घ्या. आपल्या कामाला चांगलं-वाईट म्हणण्याचा हक्क दुसऱ्याच्या हातातून काढून घ्यायचा होता. पण हे दुसरं कारण. पहिलं आणखी थोड्या वेळानं आलं. मुलगी सहावीत असताना तिनं कंपासपेटी मागितली. मावशींनी नवऱ्याकडे चाळीस रुपये मागितले. त्यांनी दिले, नाही म्हणाले नाहीत, दारू पिणारा माणूस नव्हे तो. फक्त विचारलं, "सकाळी दिलेले कुठं गेले?"

इतक्या वर्षांत मी कारणं खूप ऐकली. नवऱ्याचं काम सुटलं, सासरा आजारी, मुलांच्या फिया, घरात बसून कंटाळा, हातात कला आहे, जावेनं टोमणा मारला. ती सगळी खरीच. पण खरवडत गेलं की तळाशी बहुतेक वेळा हा प्रश्न सापडतो. सकाळी दिलेले कुठं गेले? बाईला पैसा हवा असतो हे तर आहेच, पण त्यातला थोडा तरी पैसा असा हवा असतो की ज्याचा हिशेब कुणी मागणार नाही.

आणि हा बेहिशेबी पैसा कुठं जातो ते बघितलंत तर तुम्हाला गंमत वाटेल. साडीत क्वचित जातो. भाच्याच्या जावळाला जातो, बहिणीच्या मुलीच्या लग्नातल्या आहेराला जातो, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जातो. माहेरासाठी नवऱ्याकडे पैसे मागणं ही आपल्याकडे फार अवघड गोष्ट आहे. चांगल्यातल्या चांगल्या घरातही ते तोंडातून निघत नाही. या मावशी रोज वीस रुपये पिग्मीत टाकायच्या आणि पिग्मीचं पुस्तक शेजारणीकडे ठेवायच्या. वर्षानं ते पैसे निघाले आणि अक्कलकोटला आईच्या घराच्या पत्र्यासाठी गेले. अर्जातल्या कुठल्या रकान्यात हे लिहिणार? 'माहेरचे पत्रे बदलणे'?

आपल्या प्रशिक्षणाच्या पुस्तकांत दोन खण केलेले असतात. एक गरजेनं ढकललेल्या बायका, दुसऱ्या संधी बघून आलेल्या. पहिलीला थोडं खालचं मानतात, दुसरीला 'खरी उद्योजिका'. माझा या विभागणीवर विश्वास नाही. गरज हे आत यायचं दार आहे. आत आल्यावर बाई कुठल्या खोलीत जाऊन बसते ते दारावरून सांगता येत नाही.

मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचं उदाहरण घ्या. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत आलेला गडी कुटुंब गावी ठेवून यायचा, त्याला दोन वेळचं जेवण लागायचं. कामगारांच्याच घरातल्या बायका, त्यात विधवा, टाकलेल्या, नवरा घरी बसलेल्या, अशा कितीतरी, दहा-पंधरा गड्यांचं जेवण करायच्या. पोळपाट-लाटणं हेच भांडवल. अडचण अशी होती की गड्याचे पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे आणि वाणसामान रोज लागायचं. मधले तीस दिवस वाण्याची उधारी नाहीतर सावकाराचं व्याज. राबायची ही आणि नफा तिसऱ्याचा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं ते नेमकं या मधल्या तीस दिवसांसाठी. तोवर त्या बायकांना कुणी व्यावसायिक म्हणत नव्हतं. त्या स्वतःलाही म्हणत नव्हत्या. 'जेवण घालते' इतकंच म्हणायच्या.

पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. जेवणारेच गावी गेले तर खाणावळ चालणार कशी? पण ज्या घरांत पगार थांबला त्या घरांना बायकांच्या डब्यांनी, पोळ्यांनी, भाजीच्या पाट्यांनी धरून ठेवलं, हे त्या काळातल्या कुणालाही विचारा. आता यातली प्रेरणा कुठली? भूक. पण पोरं मोठी होऊन कमावती झाल्यावरही डबे चालू ठेवणाऱ्या बायका लालबाग-परळात होत्या. तेव्हा भूक नव्हती. मुलगा म्हणायचा आई आता बस कर, आणि आई म्हणायची बघू पुढच्या महिन्यात.

म्हणून माझी पहिली व्यावहारिक सूचना ही, की 'का सुरू केलंत' यापेक्षा 'बंद का नाही केलंत' हे विचारा. सुरुवातीचं कारण बाई पाठ केलेलं सांगते. चालू ठेवण्याचं कारण तिला विचार करून सांगावं लागतं, कारण ते आजवर तिला कुणी विचारलेलं नसतं.

लिज्जतची गोष्ट सगळे सांगतात. १५ मार्च १९५९, गिरगाव, गच्चीवर सात बायका, उसने घेतलेले ऐंशी रुपये. २०२१ साली त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली. व्याख्यानांत या ऐंशी रुपयांवर टाळ्या घेतात. मला त्यात टाळीची जागा वेगळी दिसते. पीठ केंद्रावर मळायचं, लाट्या घरी न्यायच्या, पापड घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी वाळलेले आणून द्यायचे आणि मजुरी रोजच्या रोज घ्यायची. बाईचं घर, तिची वेळ आणि तिच्या हातात रोज पडणारा पैसा, या तीन गोष्टी जुळल्या. त्या बायकांना कुणी व्याख्यान देऊन प्रेरित केलं नव्हतं. काम असं बेतलं होतं की नाही म्हणायला कारण उरू नये. महिन्यानं पगार देऊ म्हटलं असतं तर त्यातल्या कितीजणी टिकल्या असत्या, मला शंका आहे. रोज मिळालेला पैसा डब्यात जातो. महिन्यानं मिळणाऱ्या पैशाची तारीख सगळ्या घराला माहीत असते.

आता एक खेळ सांगते, कारण तो तुम्हालाही घ्यायला लावतील. डेव्हिड मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६४च्या सुमारास आंध्रातल्या काकिनाड्यात व्यापाऱ्यांना 'काहीतरी करून दाखवण्याची ऊर्मी' शिकवता येते का, याचा प्रयोग केला. आपल्या उद्योजकता प्रशिक्षणांतले बरेच खेळ त्याच परंपरेतले. त्यातला एक रिंग टाकायचा. जमिनीत खुंटी, हातात रिंगा, कितीही अंतरावर उभं राहा. अगदी जवळ उभा राहतो तो भित्रा, फार लांब उभा राहतो तो नशिबावर हवाला ठेवणारा, आणि मधलं अंतर निवडतो तो उद्योजक, असा त्याचा अर्थ लावायचा.

मी हा खेळ किती वेळा घेतला असेल त्याला गणती नाही. बायका बहुतेक जवळ उभ्या राहतात. सुरुवातीची काही वर्षं मी इमानेइतबारे लिहायची, 'जोखीम घेण्याची वृत्ती कमी'. मग मोहोळजवळच्या एका गावात एका बाईनं पहिल्या फेरीत मधलं अंतर घेतलं, तीनपैकी दोन रिंगा बसवल्या. दुसऱ्या फेरीला मी रिंगेमागे पाच रुपये लावायला सांगितले. ती सरळ पुढं येऊन खुंटीच्या डोक्यावर उभी राहिली. मी विचारलं, आता का गं? म्हणाली, "मगाशी खेळ होता ताई. आता पाच रुपये हायेत. ते काय माझ्या एकटीचे हायेत व्हय?"

ती भित्री नव्हती. शेळ्यांचा धंदा करत होती, बोकडाच्या बाजारात पुरुषांशी घासाघीस करायची. तिला तिच्या पाच रुपयांवर किती माणसांचा हक्क आहे ते पक्कं ठाऊक होतं. जोखीम घ्यायची तर ती आधी स्वतःच्या झोपेवर घेते, स्वतःच्या जेवणावर घेते, पैशावर शेवटी. आपल्या मोजपट्टीत झोपेची जोखीम मोजतच नाहीत. तो खेळ मी अजून घेते, पण अर्थ सांगायचं बंद केलंय.

सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशातल्या आस्थापनांपैकी सुमारे ८० लाख, म्हणजे १३.७६ टक्के, बायकांच्या होत्या. आणि त्यातल्या ८३ टक्क्यांच्या आसपास ठिकाणी पगारी माणूस एकही नव्हता. या आकड्यावरून 'बायकांना मोठं व्हायची आकांक्षा नसते' असा निष्कर्ष काढणारे साहेब मी सभांत ऐकलेत. मी त्यांना भाकरीवाल्या मावशींचा हिशेब सांगते. एक किलो पिठाच्या अठरा भाकऱ्या. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, दळण धरून तेव्हा पन्नास रुपये किलो पडायची. व्यापारी सात रुपयाला भाकरी उचलायचा, म्हणजे एकशे सव्वीस. त्यातून जळण, मोडतोड, पॅकिंगच्या पिशव्या गेल्या. मी वहीत ओळ लिहिली 'मजुरी' आणि विचारलं, तुमची किती धरू? मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "माझी कसली मजुरी? मी घरचीच की."

पगारी बाई ठेवायची तर तिला दिवसाची मजुरी द्यावी लागेल, आणि ती दिली की कळेल की भाकरी सात रुपयाला परवडतच नव्हती. धंदा चालतोय तो मावशींच्या न धरलेल्या मजुरीवर. मग वाढवायचं कशाच्या जोरावर? आकांक्षा बाजूला राहू द्या, गणितच आडवं येतं. त्या दिवशी आम्ही मजुरी धरून हिशेब केला आणि व्यापाऱ्याला भाव वाढवून मागितला. तो नाही म्हणाला. मग पुण्याला एक भाची होती, तिच्या सोसायटीत थेट पाठवायला सुरुवात केली. पहिल्या पार्सलमध्ये चाळीसपैकी अकरा भाकऱ्यांचा चुरा झाला. दुसऱ्या वेळी कागदाच्या दोन जाड पुठ्ठ्यांत दाबून बांधल्या, तीन मोडल्या. हा सगळा काळ मावशींच्या तोंडावर जे होतं तेच मी प्रेरणा म्हणून लिहीन, पण त्याला शब्द सापडत नाही. चुरा झाल्याचा फोन आला तेव्हा त्या हसत होत्या.

सगळ्याच वाढवतात असं नाही, आणि वाढवाव्यात असंही नाही. एखादी बाई ठरवून धंदा तेवढाच ठेवते. मुलगी दहावीत आहे, दोन वर्षं एवढाच. नळाला पाणी कधी येतं, पोरं शाळेतून कधी येतात, सासऱ्यांची गोळी किती वाजता, या सगळ्याच्या मधल्या फटीत बसेल एवढाच. 'घर सांभाळून करता येतं म्हणून' हे कारण शहाणी माणसं नाक मुरडून ऐकतात. मी नाही मुरडत. घर दुसऱ्या कुणी सांभाळलं तर तीही दुकान थाटेल, हे मला दिसतं.

माझा स्वतःचा अनुभव यातच येतो. मी धंदा सुरू केला तो रागानं. एका नात्यातल्या माणसानं भरल्या पंगतीत म्हटलं, शिकून काय केलंस, शेवटी मिरच्याच निवडतेस. म्हटलं, बरं, मिरच्याच निवडते. ब्याडगी आणि लवंगी आणली, डंकावर कुटून घेतली, खोबरं-कांदा भाजून काळं तिखट केलं. राग हे फार चांगलं सरपण आहे, धडाडून पेटतं. पण दीड-दोन वर्षांत त्याची राख होते. तिसऱ्या वर्षापासून मी ते तिखट का करत होते असं विचाराल, तर मंगळवार बाजारातून जाताना एक अनोळखी बाई दुसरीला म्हणाली, "ह्या बघ त्या तिखटवाल्या." अमक्याची सून नाही, तमक्या सरांची मिसेस नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्या गावात पहिल्यांदा मला माझ्या कशावरून तरी कुणी ओळखलं. त्या एका वाक्यावर मी पुढची सहा वर्षं ओढली.

बंद पडला तो तोट्यानं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. तेव्हा कळलं की नऊ वर्षं मी डंकावर असताना घर त्या चालवत होत्या, पोरांना जेवू घालत होत्या, गिऱ्हाईक आलं तर पुडी देऊन पैसे फळीवर ठेवत होत्या. माझ्या कर्जाच्या प्रकल्प अहवालात मशीन होतं, मिरची होती, घसारासुद्धा होता. सासूबाई नव्हत्या. आता मी प्रत्येक अर्जाच्या वेळी विचारते, तुम्ही कामाला बसलात की घर कोण बघतं? या प्रश्नाचं उत्तर चांगलं असेल तर प्रेरणा कशीही असो, धंदा चालतो.

तुम्हाला सावध करायची एक गोष्ट आहे. काही अर्जांत प्रेरणा बाईची नसतेच. कर्ज तिच्या नावावर, गट तिच्या नावावर, आणि पैसा जातो नवऱ्याच्या रिक्षाला, दिराच्या बोअरला. बचत गटांना बँकेशी जोडण्याचं काम १९९२ साली नाबार्डनं सुरू केलं, त्यानंतर बाई ही हप्ते चुकवत नाही अशी तिची ख्याती झाली, आणि घरच्या पुरुषांनी ती ख्याती वापरायला घेतली. दारावर येऊन आठवड्याला वसुली करणाऱ्या खासगी कंपन्यांच्या बाबतीत तर हे जास्तच. यात बाईला गुन्हेगार धरू नका. पण ओळखायला शिका. मी मालाचा भाव विचारते. शिलाईवालीला अस्तराचा भाव, पापडवालीला उडीद डाळीचा भाव, शेळीवालीला मागच्या बाजारात बोकड कितीला गेला ते. जिचा धंदा आहे ती भाव सांगतेच, वर तो कसा वाढला म्हणून दोन शिव्या देते. जी दाराकडे बघते, तिच्या दाराआड कोण उभं आहे ते बघा.

उलटंही घडतं. २०२४च्या राखीपौर्णिमेच्या तोंडावर लाडकी बहीणचे पहिले तीन हजार बायकांच्या खात्यात आले. योजनेबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो. माझ्या ओळखीच्या एकीनं त्यात थोडी भर घालून जुनं पिको-फॉलचं मशीन घेतलं. पिकोचं काम तिला सात वर्षांपासून येत होतं, दुसऱ्याच्या दुकानात करायची. तिची प्रेरणा त्या ऑगस्टमध्ये जन्मली असं कसं म्हणणार? ती सात वर्षं मशीनची वाट बघत बसली होती. आपण अनेकदा प्रेरणेचा अभाव म्हणून जे लिहितो तो मशीनचा अभाव असतो. जागेचाही. कुंभारीला पक्कं घर मिळालं नसतं तर मावशींनी भाकऱ्या उभ्या कुठं केल्या असत्या? आधीच्या भाड्याच्या खोलीत चूल पेटवायला मालकीण नको म्हणायची.

शिकलेल्या, नोकरी केलेल्या बायकांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुण्या-मुंबईच्या माझ्या भाच्या-पुतण्या बघते म्हणून दोन ओळी. बाळंतपणानंतर नोकरीत परत गेल्यावर 'गॅप'बद्दल उत्तरं देऊन कंटाळलेल्या मुली केक करतात, साड्या विकतात, लहान मुलांचे वर्ग घेतात. तिथं बेहिशेबी पैशाचं कारण थोडं मागं पडतं आणि वेळेचं पुढं येतं. साहेबाला विचारून पाचला निघावं लागू नये. पण 'ह्या बघ त्या तिखटवाल्या'चं सुख तिथंही तेच आहे, फक्त ते मोबाइलवर येतं.

बँकेचंही सांगितलं पाहिजे. एका बँकेत मी एका चाळिशीच्या बाईला घेऊन गेले होते. तिचं चार वर्षांचं विक्रीचं वहीतलं टाचण चोख होतं. समोरच्या अधिकाऱ्यानं वही उघडायच्या आधी विचारलं, "मिस्टर नाही आले?" ती म्हणाली, "ते रानात हायेत. त्यांना चटणीतलं काय कळतंय?" मुद्रा योजनेत पन्नास हजारांच्या आतल्या शिशू कर्जाला तारण लागत नाही, हे त्या अधिकाऱ्याला मीच सांगितलं. कर्ज झालं, पण चार खेपा घालून. चार खेपा म्हणजे चार दिवसांचं काम बुडालं, आणि त्या काळात तिनं दोनदा मला म्हटलं, ऱ्हाऊ दे ताई. प्रेरणा अशीही संपते, आणि ती संपवणाऱ्याच्या अर्जात असला कुठला रकाना नसतो.

तर तुमच्या रकान्यात काय लिहायचं? मी काय करते ते सांगते, तुम्हाला जमेल तसं घ्या. पहिल्या भेटीत तो रकाना कोरा ठेवते. बाई काम करत असताना जाते, गटाच्या मीटिंगला नाही, कारण तिथं बाकीच्या बसलेल्या असतात आणि जाऊबाईही त्यात असते. विचारते, मागच्या महिन्यात सगळ्यांत जास्त पैसे आले तो दिवस कुठला आणि त्या पैशाचं काय केलं. विचारते, हा धंदा उद्या बंद केला तर घरात कुणाला आनंद होईल. या दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक हसतात, आणि हसून झाल्यावर खरं सांगतात. मग जे कळलं ते बँकेला समजेल अशा भाषेत लिहिते. 'मुलीच्या शिक्षणाच्या खर्चासाठी नियमित उत्पन्न', 'विडीकामातून बाहेर पडणे', 'सात वर्षांचा पिकोकामाचा अनुभव, स्वतःचे मशीन नाही'. यात खोटं काही नाही आणि साहेबालाही पुढं सरकवता येतं. माहेरचे पत्रे मी लिहीत नाही. तेवढं बाईचं आणि माझं.

शेवयांच्या मशीनवालीचा अर्ज मात्र लगेच हातात घ्या. उद्देशाच्या जागी ती सध्या रोज किती किलो हातशेवया करते, किती गिऱ्हाइकं परत पाठवते ते लिहा आणि गव्हाच्या रव्याचा भाव तिच्याच तोंडून घ्या. वाळवणाचा हंगाम मे अखेरपर्यंत. मशीन जूनला आलं तर पहिले आठ महिने ती नुसते हप्ते भरेल. या आठवड्यात मी मोहोळला जाणार आहे, गुरुवारी दुपारी तुम्हाला वेळ असेल तर तिच्याकडे दोघी जाऊ.